बालवाडीतली मुलं आणि सावरणं: पालक नेहमी विचारतात ते प्रश्न

दरवर्षी जूनमध्ये बालवाडीच्या फाटकाशी तेच चित्र असतं. बाहेर पाऊस, आत रडारड, आणि फाटकापलीकडे छत्री धरून उभी असलेली आई, जिचा पाय निघत नाही. गेली बावीस वर्षं मी या फाटकाच्या आतल्या बाजूला उभी आहे. तीन ते सहा वर्षांची मुलं रोज पडतात, रडतात, भांडतात, हरतात आणि तरी डब्याच्या वेळेला शेजारी शेजारी बसून एकमेकांच्या डब्यात डोकावतात. हे कसं घडतं, ते जवळून पाहत आले. पालकांकडून जे प्रश्न वर्षानुवर्षं येतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. मुलांच्या गोष्टी खऱ्या असल्या तरी कुणाचं नाव दिलेलं नाही.

'सावरणं' म्हणजे तुम्हाला नेमकं काय म्हणायचंय?

ज्याला 'रेझिलियन्स' म्हणतात त्यासाठी मराठीत लवचिकता, चिवटपणा, कणखरपणा असे बरेच शब्द वापरले जातात. 'कणखर' ऐकलं की पालकांच्या डोळ्यांपुढे न रडणारं मूल येतं, म्हणून मी तो शब्द टाळते. 'सावरणं' मला आवडतं, कारण त्यात आधी तोल जाणं धरलेलंच आहे. जो घसरलाच नाही, तो सावरला असं कुणी म्हणत नाही. शिवाय हे क्रियापद दोन्हीकडे चालतं. मूल सावरतं, आणि आपण मुलाला सावरतो. लहान वयात या दोन्ही गोष्टी एकत्रच घडतात, आधी दुसरी आणि तिच्या आधाराने पहिली.

माझं मूल रोज रडतं. बाकीची मुलं रुळली. आमचंच कमकुवत आहे का?

नाही. आणि रडण्यावरून हे ठरवूही नका.

मेरी एन्सवर्थ या मानसशास्त्रज्ञ बाईंनी अमेरिकेत साधारण वर्षभराच्या बाळांचं एक निरीक्षण केलं होतं. आई काही मिनिटं खोलीबाहेर जाते, बाळ मागे राहतं, मग आई परत येते. आई गेल्यावर बाळ किती रडलं यापेक्षा आई परत आल्यावर ते काय करतं, याकडे त्यांनी जास्त लक्ष दिलं. ज्या बाळांचं आईशी नातं भरवशाचं होतं, त्यातली कित्येक बाळं भरपूर रडली. पण आई आल्यावर तिच्याकडे गेली, शांत झाली आणि पुन्हा खेळण्यांकडे वळली. बालवाडीत मी हीच वळण्याची जागा शोधत असते.

एक मुलगी आईच्या जुन्या ओढणीचा तुकडा घेऊन यायची. पहिल्या सोमवारी फाटकापासून डब्याच्या सुट्टीपर्यंत ती रडली, तोंड ओढणीत खुपसून. गुरुवारीही रडली, पण खिडकीशी उभं राहून, आणि खिडकीतून तिची नजर वाळूच्या हौदाकडे होती. हुंदका द्यायची, मग वाळूत कोण काय करतंय ते बघायची, मग आठवण आल्यासारखा पुन्हा हुंदका. पुढच्या आठवड्यात ती हौदाच्या कडेला बसली, ओढणी मांडीवर. त्यानंतर एके दिवशी तिने स्वतःच ओढणी दप्तराच्या खुंटीला अडकवली आणि दोन्ही हात वाळूत घातले. मध्ये दोनदा येऊन ओढणी जागेवर आहे ना, ते बघून गेली. आईने त्या दिवशी विचारलं, "आज रडली का?" मी म्हटलं, "हो, थोडी रडली. पण आज ओढणी खुंटीवर होती." आई माझ्याकडे बघतच राहिली.

बहुतेक मुलं दोन-तीन आठवड्यांत रुळतात, काहींना महिना-दीड महिना लागतो. दिवाळीच्या सुट्टीनंतर सगळं पुन्हा पहिल्यापासून सुरू झाल्यासारखं वाटेल. तेव्हा घाबरू नका, दुसऱ्या वेळी ते लवकर निवळतं.

त्याचं लक्ष नसताना हळूच निघून गेलं तर चालेल का?

नको. त्या क्षणी रडणं टळतं, पण मूल दुसऱ्या दिवसापासून खेळताना सारखं मागे वळून बघायला लागतं. सांगून जा: "डबा खाऊन झाला, गाणी झाली की मी येते." आणि वेळेवर या. तीन वर्षांच्या मुलाला घड्याळ कळत नाही, पण डब्यानंतर गाणी आणि गाण्यांनंतर आई हा क्रम चांगला कळतो. निरोप छोटा ठेवा. फाटकापर्यंत जाऊन चार वेळा परत येऊ नका.

पडलं की आम्ही 'मुंगी मेली' म्हणतो, जमिनीला 'हात रे' करतो. त्यात काय चुकलं?

हा प्रश्न आज्या फार जीव तोडून विचारतात, आणि त्यांची माया खरीच असते. वर्षाच्या बाळाला 'मुंगी मेली' म्हणून हसवलं तर काही बिघडत नाही. चार वर्षांच्या मुलाला मात्र ठाऊक असतं की मुंगी मेलेली नाही आणि गुडघा आपला दुखतोय. अशा वेळी मुंगीचं नाव काढलं की मूल गोंधळतं: मला जे होतंय ते यांना दिसत नाही का? जमिनीला मारण्याचं तर मला मुळीच पटत नाही. दुखलं की कुणाला तरी मारायचं असतं, हे मूल तिथेच शिकतं, आणि मग ठोकळ्यांचा मनोरा पडला की शेजारच्याला फटका बसतो.

"काही नाही झालं, ऊठ, शूर ना तू?" हेही नको. झालेलं असतं ना काहीतरी.

आमच्याकडे काय करतो ते सांगते. मूल पडलं की मी त्याच्याजवळ जाऊन उकिडवी बसते आणि विचारते, "कुठे लागलं, दाखव." एवढंच. दाखवायचं म्हटल्यावर मूल आधी स्वतःच बघतं. बघता बघता रडणं जरा थांबतं, कारण शोधायला लक्ष लागतं. मग फुंकर. मग "ओला रुमाल हवा का?" आमच्या माठाशेजारी स्टीलच्या डब्यात ओले रुमाल घड्या घालून ठेवलेले असतात. मूल उठतं, चालत जातं, झाकण काढतं, रुमाल घेतं, पिळतं, गुडघ्यावर ठेवतं. या सगळ्याला मिनिटभर लागतं आणि तेवढ्यात बरंचसं दुःख त्या कामात जिरून जातं. ऑगस्टपर्यंत मुलं मला न विचारता डब्याकडे जातात. डिसेंबरपर्यंत एखादं मूल पडलं की दुसरंच कुणी रुमाल घेऊन धावतं. एकदा एकाला रुमाल द्यायला तिघं आले आणि त्यांच्यातच ढकलाढकली झाली, तेव्हा पडलेला मुलगा रडायचं विसरून त्यांची भांडणं सोडवत होता.

मूल सावरतंय हे ओळखायचं कशावरून?

हे फार बारीक दिसतं. जाता जाता बघणाऱ्याला दिसत नाही, म्हणून एक प्रसंग सविस्तर सांगते.

साडेचार वर्षांचा एक मुलगा लाकडी ठोकळ्यांचा मनोरा रचत होता. सात ठोकळे झाले, आठव्याला मनोरा पडला. त्याने हातातला ठोकळा फेकला. पुन्हा रचायला बसला, सहाव्यालाच पडला. आता तो पालथा झोपला, तोंड हातांत. मी दोन हातांच्या अंतरावर बसले होते, काही बोलले नाही. थोड्या वेळाने तो उठला, माझ्याकडे एकदा बघितलं. मी मान हलवली. मग त्याने फेकलेला ठोकळा उचलून आणला आणि स्वतःशीच मोठ्याने बोलायला लागला: "मोठा खाली. मोठा खाली. हळू ठेव. हळूऽऽ." या वेळी त्याने सगळ्यात रुंद ठोकळा तळाला घेतला होता. मनोरा नऊ ठोकळ्यांपर्यंत गेला आणि पडला, आणि तो हसला.

यात बघण्यासारखं किती आहे बघा. ठोकळा फेकणं हे बिनसल्याचं लक्षण होतं, तिथे मी ओरडले असते तर गोष्ट तिथेच संपली असती. पालथं पडणं ही त्याची विश्रांती होती. माझ्याकडे बघणं म्हणजे 'तू आहेस ना?' असा प्रश्न होता. आणि ते मोठ्याने बोलणं सगळ्यात मोलाचं. रशियन मानसशास्त्रज्ञ लेव्ह वायगॉट्स्की यांनी जवळपास शंभर वर्षांपूर्वी लिहून ठेवलंय की मुलाचं हे स्वतःशी बोलणं म्हणजे नुसती बडबड नसते. मोठ्यांच्या सूचना आधी बाहेरून येतात, मग मूल त्या स्वतःला मोठ्याने देतं, आणि पुढे तेच बोलणं मनातल्या मनात होतं. 'हळू ठेव' हे त्या मुलाच्या आजोबांचे शब्द होते, हे मला नंतर कळलं. तो ते अगदी त्यांच्याच सुरात म्हणत होता.

आणखी काही खुणा: मदत मागायला येणं ("ताई, हे झाकण निघत नाही" हे रडत बसण्यापेक्षा कितीतरी पुढचं आहे), 'मला घेत नाहीत' म्हणून रडल्यावर शेजारच्या दुसऱ्या खेळात शिरणं, निळा खडू मिळाला नाही तर आकाश हिरवं रंगवणं, रागाने निघून जाऊन घसरगुंडीखाली बसणं आणि आपणहून परत येणं. तेव्हा त्याला 'आलास का, गेला ना राग?' असं चिडवू नका. जागा करून द्या, बस.

दुसऱ्या मुलाने ढकललं, चावलं. मी त्याच्या आईशी बोलू का?

आधी ताईंशी बोला. तीन वर्षांची मुलं चावतात, कारण शब्द कमी पडतात. चावणाऱ्यालाही आम्ही शब्दच देतो: "मला दे म्हण", "माझी पाळी म्हण". चावा बसलेल्या मुलाला आम्ही 'नको, मला आवडत नाही' हे मोठ्या आवाजात म्हणायला शिकवतो. 'तूही मार एक' असं घरी शिकवू नका, कळकळीने सांगते. तेच मूल आठवड्याभरात दुसऱ्याच्या आईच्या तक्रारीत येतं.

खेळात हरलं की आकांत करतं. मुद्दाम जिंकू द्यावं का?

कधीतरी द्या, दर वेळी नको. आजोबांबरोबर सापशिडी खेळताना आजोबांनाही साप गिळू दे आणि आजोबांनी "अरे अरे, गेलो की मी खाली!" म्हणत पुढचा फासा टाकू दे. हरलेलं मोठं माणूस कसं वागतं हे मुलाला तिथे बघायला मिळतं. आमच्याकडे लहान गटात संगीत खुर्चीत खुर्ची कमी होते, मूल बाद होत नाही. शेवटी सगळे दोन खुर्च्यांवर कसेबसे मावतात आणि खिदळतात. बाद होण्याचे खेळ आम्ही पाच वर्षांनंतर घेतो.

आमची घरची भाषा वेगळी आहे. मूल वर्गात गप्प असतं. मागे पडेल का?

बांधकामावर आलेल्या कुटुंबांची, बंजारा घरातली, कन्नड-हिंदी बोलणारी अशी मुलं दरवर्षी आमच्याकडे असतात. अनोळखी भाषेत आलेलं मूल कित्येकदा काही आठवडे, कधी काही महिने जवळजवळ बोलतच नाही. या काळात तोंडाकडे बघू नका, हातापायांकडे बघा. ते गाण्याच्या हालचाली करतं का? 'गोल करा' म्हटल्यावर येतं का? मग त्याचं शिकणं चालू आहे. घरी घरचीच भाषा बोलत राहा. बाहेर सगळं अनोळखी असताना घरची भाषा ही त्याची पाय टेकायची जागा असते, ती काढून घेऊ नका. आम्ही ताई लोकही 'पाणी', 'दुखतंय', 'शी-शू', 'आई येईल' एवढे शब्द मुलाच्या भाषेत शिकून घेतो. बंजारा मुलीला पहिल्यांदा तिच्या भाषेत आईबद्दल सांगितलं, तेव्हा तिने माझा पदर धरला आणि दिवसभर सोडला नाही.

घरी वाईट काळ चालू आहे. कुणी गेलंय, किंवा भांडणं आहेत, किंवा बाबांचं काम सुटलंय. मुलावर कायमचा परिणाम होईल?

हे विचारताना पालकांचा आवाज खाली येतो. याचं उत्तर मला नीट द्यायचंय.

हवाई बेटांपैकी कौआई नावाच्या बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा अभ्यास एमी वर्नर आणि रूथ स्मिथ यांनी केला आणि ही मुलं चाळिशीला येईपर्यंत त्यांचा माग ठेवला. त्यातली साधारण एकतृतीयांश मुलं फार अवघड परिस्थितीत वाढत होती: गरिबी, जन्मावेळची गुंतागुंत, घरातली भांडणं, आईवडिलांचं व्यसन किंवा मानसिक आजार. या अवघड गटातल्या बऱ्याच मुलांना पुढे त्रास झाला, हे लपवण्यात अर्थ नाही. पण त्यातलं दर तिसरं मूल कर्तं, प्रेमळ, आत्मविश्वास असलेलं माणूस झालं. त्यांच्या आयुष्यात निदान एक तरी भरवशाचं माणूस होतं, आणि ते आईवडीलच होते असं नाही. कुठे आजी, कुठे मावशी, कुठे मोठी बहीण, कुठे शिक्षिका. अनेकांवर घरातलं एखादं खरं काम सोपवलेलं होतं, त्यांच्यावाचून अडेल असं.

म्हणून पहिली विनंती: ताईंना सांगा. सगळा तपशील नको, "घरी आजी गेली" किंवा "सध्या आमच्याकडे ताण आहे" एवढं पुरे. मुलाला वर्गात मिठी कधी हवी, हे मग आम्हाला कळतं.

दुसरं, मुलाचा खेळ थांबवू नका. एका मुलाचे आजोबा दवाखान्यातून परत आले नाहीत. त्यानंतर जवळजवळ महिनाभर तो भातुकलीच्या कोपऱ्यात दवाखाना खेळत होता. बाहुलीला झोपवायचा, आगपेटीचं इंजेक्शन द्यायचा, पांघरूण घालायचा. पहिले काही दिवस बाहुली उठायची नाही. कुणी उठवायला गेलं की तो म्हणायचा, "नाही, ते गेलेत." नंतर एक दिवस बाहुलीला भात भरवला. मग दवाखान्याचं दुकान झालं आणि त्यात वांगी आली. कुणी त्याला 'असं अभद्र खेळू नये' म्हणालं नाही, याचं मला आजही समाधान आहे. मदतनीस मावशी तर रोज पेशंट म्हणून जाऊन बसायच्या.

तिसरं, मुलाला काम द्या. चार वर्षांचं मूल ताटं मांडू शकतं, मेथी निवडू शकतं, तुळशीला पाणी घालू शकतं. आमच्याकडे रोज दोन मुलं वाट्या वाटतात. घरात काही धड नसताना शाळेत वीस वाट्या बरोबर वाटल्या, याने मूल ताठ चालायला लागलेलं मी पाहिलंय.

मोठ्या खासगी शाळेत घातलं तर हे जास्त चांगलं होईल का?

इमारतीने फार फरक पडत नाही. मिनेसोटा विद्यापीठातल्या ॲन मास्टेन यांनी २००१ मध्ये बरंच संशोधन तपासून लिहिलं की मुलांचं सावरणं हे काही दुर्मीळ वरदान नाही, ती साधीसुधी, रोजची जादू आहे. जवळची माणसं, ठरलेला दिनक्रम, खेळ, जमल्याचा आनंद, एवढं शाबूत असलं की मुलं सावरतात.

आपल्याकडे हे त्याच्या कितीतरी आधी ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ या बालशिक्षणतज्ज्ञ बायांनी करून दाखवलं. १९४५ साली आजच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला बालवाडीचं काम सुरू झालं, पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर गेलं. पाड्यांवरची आदिवासी मुलं बालवाडीत येत नव्हती. काहींना धाकटी भावंडं सांभाळायची होती, काहींना गुरं. ताराबाईंनी मुलांना दोष दिला नाही, बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात नेली. ती अंगणवाडी. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा भरली, ती कुरणशाळा. २ ऑक्टोबर १९७५ ला सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर गेला. मुलाला सावरायचं तर आधी आपण त्याच्या अंगणापर्यंत जायचं, हे मी त्यांच्याकडून शिकले. तुमच्या गल्लीतल्या अंगणवाडीची ताई मुलांना नावाने हाक मारत असेल, रडणाऱ्याला मांडीवर घेत असेल, तर ती शाळा चांगली आहे.

आमचं मूल कधीच रडत नाही, हट्ट करत नाही. हे चांगलंच ना?

स्वभाव शांत असेल तर चांगलं. पण खेळताना हसत नसेल, पडलं तरी कुणाकडे जात नसेल, खेळणं हिसकावलं तरी नुसतं उभं राहत असेल, तर माझं लक्ष अशा मुलाकडे रडणाऱ्यापेक्षा आधी जातं. गप्प मुलाचं कौतुक करून त्याला गप्पच ठेवू नका. "तुला राग आला असेल" असं आपणहून म्हणून बघा.

डॉक्टरांना कधी दाखवावं?

दीड-दोन महिन्यांनंतरही मूल दिवसभर सावरत नसेल, आधी येत असलेलं बोलणं किंवा शी-शूचं भान गेलं असेल, खाणं-झोप बिघडली असेल, स्वतःला मारून घेत असेल, नावाने हाक मारल्यावर वळत नसेल, तर थांबू नका. अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तपासणीला येतं, त्यांना सांगा. ते गरजेप्रमाणे जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवतात. तुमच्या स्वतःच्या मनावर ताण असेल तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे, तिथे मराठीत बोलता येतं. मुलावर कुणी अत्याचार करत असल्याची शंका असेल तर १०९८ या मुलांच्या मदतवाहिनीला फोन करा.

घरी आल्यावर काय विचारू? 'काय केलंस?' विचारलं की 'काही नाही' म्हणतं.

दारातच विचारू नका, आधी पाणी आणि खाऊ द्या. 'आज रडलास का?' तर रोज अजिबात नको. दिवसाची परीक्षा रडण्यावर आहे असं मुलाला वाटतं. लहान आणि नेमकं विचारा: "डबा खाताना तुझ्या शेजारी कोण होतं?" "आज वाट्या कुणी वाटल्या?" "आज कुणाला लागलं का?" या शेवटच्या प्रश्नाला मुलं भरभरून उत्तर देतात. कोण पडलं, कुठे पडलं, किती रक्त आलं, आणि रुमाल कुणी आणला.